वकिलात नाही, दूत नाही, तरी निरोप जातो: अमेरिका–उत्तर कोरिया व्यवहार नेमका चालतो कसा?

टपालपेटी (धागाकर्ता)

बातम्यांमध्ये "अमेरिका-उत्तर कोरिया संबंध तुटले" असं अधूनमधून वाचायला मिळतं. तुटायला ते आधी असावे लागतात. या दोन देशांत राजनैतिक संबंध कधीच नव्हते. कोरियन युद्ध थांबवताना २७ जुलै १९५३ ला दोन कोरियांच्या सीमेवरच्या पानमुनजोमला सही झाली ती शस्त्रसंधीवर, आणि तीही सेनापतींमधली. शांतता तह आजही नाही. तरी इतक्या वर्षांत कैदी सुटले, सैनिकांचे अवशेष परत आले, लाखो टन तेल गेलं, राष्ट्राध्यक्ष भेटले. हे सगळं कोणत्या वाटेने झालं, त्यासाठी हा धागा. कोण साव आणि कोण चोर यावर इथे आधीच ढीगभर धागे आहेत, ते वाद कृपया तिकडेच.

माझ्या समजुतीप्रमाणे चालू वाटा तीन.

पहिली लष्करी. पानमुनजोमच्या संयुक्त सुरक्षा क्षेत्रात संयुक्त राष्ट्र कमांड (म्हणजे व्यवहारात अमेरिकी अधिकारी) आणि कोरियन पीपल्स आर्मी यांच्यात थेट दूरध्वनी आहे. यंत्राचा रंग गुलाबी, म्हणून त्याला गुलाबी फोन म्हणतात. दिवसातून दोनदा नुसती लाइन तपासायला फोन होतो. मार्च २०१३ मध्ये उत्तरेने तो उचलणं बंद केलं, २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात निरोप असला की अधिकारी सीमारेषेपाशी जाऊन कर्ण्यावरून वाचून दाखवायचा. पलीकडे कोणी ऐकलं की नाही याची पोच नाही.

दुसरी न्यूयॉर्कची. १७ सप्टेंबर १९९१ ला दोन्ही कोरिया संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य झाले आणि उत्तरेचं तिथलं कार्यालय अमेरिकी परराष्ट्र खात्याला हाताशी आलं. मात्र त्या मुत्सद्द्यांना कोलंबस सर्कलपासून २५ मैलांच्या बाहेर परवानगीशिवाय जाता येत नाही. त्यामुळे वॉशिंग्टनला कुठल्या परिसंवादालाही यायचं तर आधी अर्ज. एखाद्या वेळी परवानगी नाकारणं हीच वॉशिंग्टनची नाराजी कळवायची पद्धत होते.

तिसरी स्वीडनची. तिच्यावर खरं लिहिण्यासारखं आहे, ते जाणकारांनी लिहावं.

उत्तरायण

स्वीडनचं मी लिहितो.

स्वीडनने १९७३ मध्ये प्याँगयांगशी संबंध जोडले आणि १९७५ मध्ये तिथे वकिलात उघडली. पाश्चात्त्य देशांतली ती पहिली. त्यामागे तत्त्वापेक्षा व्यापार जास्त होता. १९७४ च्या सुमारास उत्तर कोरियाने एक हजार व्होल्वो १४४ गाड्या मागवल्या, गाड्या पोचल्या, पैसे आजतागायत आलेले नाहीत. स्वीडनची निर्यात पतहमी संस्था ठरावीक काळाने स्मरणपत्र पाठवत असते. बुडीत खातं असूनही वकिलात बंद केली नाही, हा त्यांचा शहाणपणा. १९९५ पासून तीच वकिलात अमेरिकेच्या नागरिकांचं तिथे पाहते.

आता कायद्याची बाजू. १९६१ च्या व्हिएन्ना करारात दोन कलमं आहेत आणि लोक ती एकत्र करतात. ४५ वं कलम संबंध तुटल्यावर इमारत, कागदपत्रं आणि नागरिकांचे हितसंबंध तिसऱ्या देशाकडे सोपवण्याचं. इराणमध्ये स्वित्झर्लंड अमेरिकेचं काम बघतं ते या वाटेने, कारण तिथे आधी अमेरिकी वकिलात होती. प्याँगयांगला ती नव्हतीच. अशा जागी ४६ वं कलम: ज्या देशाचं यजमान देशात प्रतिनिधित्वच नाही, त्याच्या विनंतीवरून दुसरा देश त्याच्या नागरिकांचं तात्पुरतं संरक्षण करू शकतो. अट एकच, यजमानाची आधी संमती हवी. सगळी गोम त्या संमतीत आहे.

म्हणजे अमेरिकी माणूस पकडला गेला की स्वीडिश राजदूत भेटीची मागणी पत्राने करतो. भेट कधी मिळेल, किती मिनिटं, समोर कोण बसेल हे प्याँगयांग ठरवतं. २०१६ मध्ये पकडलेल्या अमेरिकी विद्यार्थ्याच्या बाबतीत मार्चच्या सुरुवातीला एक भेट मिळाली, त्यानंतर वर्षभर मागण्या करूनही काही नाही. तो कोमात आहे हे अमेरिकेला कळलं जून २०१७ मध्ये, तेही न्यूयॉर्कच्या वाटेने. मग परराष्ट्र खात्याचे जोसेफ युन डॉक्टरांना घेऊन गेले आणि त्याला परत आणलं. काही दिवसांतच तो वारला. स्वीडनने मागणी करण्यात कसूर केली नव्हती. पण हितरक्षक देशाला दार ठोठावता येतं, उघडता येत नाही.

मीठभाकर

@उत्तरायण, कलम ४५ आणि ४६ चा फरक झकास. त्यात एक भर: स्वीडन तिथे आहे म्हणजे कायम आहे असं नाही. जानेवारी २०२० मध्ये उत्तरेने कोविडमुळे सीमा बंद केली आणि एकेक करून पाश्चात्त्य वकिलाती रिकाम्या झाल्या. स्वीडिश मुत्सद्दी परत गेले ते सप्टेंबर २०२४ मध्ये. आपल्या वकिलातीचे लोकही जुलै २०२१ मध्ये मॉस्कोमार्गे बाहेर पडले होते, ती पुन्हा सुरू झाली डिसेंबर २०२४ मध्ये.

याच रिकाम्या काळात, १८ जुलै २०२३ ला, एक अमेरिकी सैनिक पर्यटकांच्या घोळक्यातून धावत पानमुनजोमची रेषा ओलांडून गेला. पहिला निरोप गुलाबी फोनवरून गेला. सप्टेंबरमध्ये त्याला हद्दपार करायचं ठरल्यावर स्वीडनने त्याला उत्तर कोरियातून बाहेर काढलं आणि चीनमधल्या दानदोंगला अमेरिकेचे चीनमधले राजदूत निकोलस बर्न्स यांच्या ताब्यात दिलं. एका माणसासाठी लष्करी लाइन, हितरक्षक देश आणि चीनची जमीन, एवढं सगळं लागलं.

पाणकावळा

निरोप पोचवणं सोपं हो. खरी अडचण पैसे पोचवण्यात आहे. बँको डेल्टा एशियाचं प्रकरण ज्याला नीट कळलं त्याला निर्बंध कसे चालतात ते निम्मं कळलं.

सप्टेंबर २००५. एकीकडे बीजिंगमध्ये षट्पक्षीय वाटाघाटीत (दोन्ही कोरिया, अमेरिका, चीन, जपान, रशिया) १९ तारखेचं संयुक्त निवेदन निघतं: उत्तर कोरिया अण्वस्त्रं सोडेल, बदल्यात ऊर्जा आणि सुरक्षेची हमी. त्याच आठवड्यात अमेरिकी अर्थखातं पेट्रियट कायद्याचं ३११ वं कलम लावून मकावच्या या छोट्या बँकेला काळ्या पैशाच्या बाबतीत धोक्याची ठरवण्याचा प्रस्ताव काढतं. ठेवीदार बँकेवर धावले, मकावच्या प्रशासनाने बँक ताब्यात घेतली आणि उत्तर कोरियाशी संबंधित सुमारे अडीच कोटी डॉलर गोठवले. लक्षात घ्या, पैसे अमेरिकेने गोठवलेच नव्हते. तिने फक्त बँकेवर शिक्का मारला होता.

वर्षभराने, ९ ऑक्टोबर २००६ ला पहिली अणुचाचणी. मग १३ फेब्रुवारी २००७ ला समझोता. उत्तर म्हणाली, आधी आमचे अडीच कोटी. अमेरिका म्हणाली, घ्या. मकाव म्हणालं, घेऊन जा. आणि ते कोणाला नेता येईनात!

कारण असं. डॉलरचा परदेशी हस्तांतर व्यवहार म्हणजे पैसे पेटीत भरून पाठवणं नव्हे. पाठवणारी बँक, घेणारी बँक आणि मध्ये न्यूयॉर्कमधली एखादी बँक, जिच्यात दोघांची खाती असतात. मार्च २००७ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने ३११ चा अंतिम नियम काढला आणि अमेरिकी बँकांना मकावच्या त्या बँकेसाठी खातं ठेवायला बंदी झाली. मधली कडीच गेली. दुसऱ्या चलनात करावं, तर ते पैसे घेणाऱ्या बँकेवर उद्या तोच शिक्का बसण्याची भीती. बँक ऑफ चायनाने सरळ नकार दिला. परराष्ट्र खात्याने तोंडी दिलेल्या आश्वासनावर कुठली बँक विसंबणार?

जूनमध्ये वाट निघाली ती अशी: मकावची बँक, तिथून मकावचं चलन प्राधिकरण, तिथून न्यूयॉर्कची फेडरल रिझर्व्ह, तिथून रशियाची मध्यवर्ती बँक, तिथून खाबारोव्स्कची दाल्कॉमबँक, आणि तिथे उत्तर कोरियाच्या परकीय व्यापार बँकेचं खातं. मध्यवर्ती बँका मध्ये घालाव्या लागल्या, कारण शिक्क्याची भीती नसलेल्या बँका त्याच. पैसे पोचले आणि जुलैत योंगब्योन या उत्तरेच्या अणुकेंद्रातली भट्टी बंद झाली, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आत गेले.

अडीच कोटी डॉलर म्हणजे मुंबईतल्या एखाद्या बऱ्या इमारतीची किंमत. तेवढ्यावर अणुवाटाघाट दीड वर्ष अडली.

दशमान

@पाणकावळा, "अडली" हे थोडं एकतर्फी वाटतं. चाचणीचा निर्णय बँकेमुळेच झाला असं म्हणणं म्हणजे प्याँगयांगची बाजू जशीच्या तशी घेणं. क्षेपणास्त्रं जुलै २००६ मध्येही उडवली होती. बँक हे कारण होतं की निमित्त, ते ठरवायला आपल्याकडे कागद नाहीत. पैशाच्या वाटेचा तपशील मात्र बरोबर आहे.

मला मुद्दा मांडायचा आहे मसुद्याचा. या दोघांचे करार मोडतात ते बहुतेक वेळा कागदावर न लिहिलेल्या जागी.

१९९४ चा जिनिव्हा करार घ्या, २१ ऑक्टोबरचा. उत्तरेने ५ मेगावॅटची ग्रॅफाइट भट्टी थांबवायची, ५० आणि २०० मेगावॅटच्या भट्ट्यांचं बांधकाम थांबवायचं. बदल्यात २००३ पर्यंत प्रत्येकी सुमारे १००० मेगावॅटच्या दोन हलक्या पाण्याच्या अणुभट्ट्या, आणि तोवर वर्षाला ५ लाख टन फर्नेस ऑइल. फर्नेस ऑइलच का? ते बॉयलरमध्ये जळतं, रणगाड्यात किंवा ट्रकमध्ये चालत नाही. तरीही ते कुठे जातं यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था होती. भट्टीतून काढलेल्या सुमारे ८००० वापरलेल्या इंधनकांड्यांचंही तसंच. त्यांचं मॅग्नेशियमचं आवरण तलावाच्या पाण्यात गंजत होतं, म्हणून अमेरिकी तंत्रज्ञांनी योंगब्योनला राहून त्या डब्यांत सीलबंद केल्या. हे काम वर्षानुवर्षं नीट चाललं, कारण ते मोजता येत होतं.

या भट्ट्यांच्या इंधनातून बाँबसाठी निघणाऱ्या प्लुटोनियमचं सगळं असं मोजूनमापून लिहिलेलं. बाँबची दुसरी वाट म्हणजे युरेनियम समृद्ध करणं, तिचा उल्लेख त्या करारात थेट नाही, तो १९९२ च्या दोन कोरियांमधल्या घोषणेकडे बोट दाखवून आडून येतो. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याचे जेम्स केली प्याँगयांगला गेले ते नेमका हाच मुद्दा घेऊन. त्यानंतर तेल थांबलं, डिसेंबरअखेर निरीक्षकांना हाकललं. त्या दोन नव्या भट्ट्यांच्या कुम्होच्या जागेवर पहिलं काँक्रीट पडलं होतं ऑगस्ट २००२ मध्ये, म्हणजे जेमतेम दोन महिने आधी. २००३ चा वायदा असलेल्या कामाचा पाया २००२ मध्ये! अमेरिकी काँग्रेस तेलाचे पैसे दरवर्षी कुरकुरत देत होती, भट्ट्यांचा बहुतेक खर्च दक्षिण कोरिया आणि जपानवर. दिरंगाई दोन्हीकडची.

अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची गंमत बघा. नियम असा की तीन महिन्यांची नोटीस द्यायची. उत्तरेने १२ मार्च १९९३ ला नोटीस दिली आणि ११ जूनला, मुदत संपायला एक दिवस उरला असताना, ती स्थगित केली. १० जानेवारी २००३ ला जाहीर केलं की स्थगिती उठवली, उरलेला एक दिवस मोजा, उद्यापासून आम्ही बाहेर. अशी युक्ती आपल्याकडच्या मुरलेल्या दिवाणी वकिलालाही सुचली नसती.

आणि २९ फेब्रुवारी २०१२. समझोता झाला पण एकत्र कागद नाही, दोघांनी आपापली निवेदनं काढली. अमेरिकेकडून २ लाख ४० हजार टन पोषण आहार, उत्तरेकडून लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांना विराम. उपग्रह सोडणं त्या विरामात येतं का? निवेदनांत शब्द नाही. तोंडी स्पष्ट सांगितलं होतं, असं अमेरिका म्हणते. १३ एप्रिलला उपग्रहाच्या नावाखाली रॉकेट उडालं, ते पडलंही, आणि आहार गेलाच नाही.

खारीवाटा

दशमान, दंडवत. पण मोघम लिहिल्यामुळे काम झालेलं उदाहरणही याच दोघांचं आहे.

अमेरिकी नौदलाचं प्वेब्लो जहाज २३ जानेवारी १९६८ ला पकडलं गेलं. एकजण मारला गेला, ८२ जण कैदेत. पानमुनजोमला अकरा महिने घासाघीस. उत्तरेला लेखी माफी हवी: आम्ही तुमच्या हद्दीत शिरलो, हेरगिरी केली, पुन्हा करणार नाही. अमेरिकेला ते खोटं कबूल करायचं नाही. तोडगा असा: मेजर जनरल गिल्बर्ट वुडवर्ड यांनी आधी मोठ्याने वाचून दाखवलं की या कागदातला मजकूर आम्हाला मान्य नाही, खलाशी सुटावेत एवढ्यासाठी सही करतो. मग त्याच कागदावर सही केली. उत्तरेला सही मिळाली, अमेरिकेला नकार. २३ डिसेंबरला खलाशी पूल ओलांडून आले. जहाज अजून प्याँगयांगला आहे, संग्रहालय म्हणून.

एकमेकांच्या राजधानीत संपर्क कार्यालयं उघडायचंही जिनिव्हा करारात ठरलं होतं. जागा बघून झाल्या होत्या. अडलं कशावर, तर इतर गोष्टींबरोबर टपालावर: अमेरिकेला आपली सीलबंद टपालथैली सोलहून पानमुनजोममार्गे न्यायची होती आणि उत्तरेच्या सैन्याला ते नको होतं. त्यात १७ डिसेंबर १९९४ ला अमेरिकी हेलिकॉप्टर हद्द चुकून आत गेलं आणि पाडलं गेलं. पुढच्या वर्षी उत्तरेने विषयच बंद केला.

टपालपेटी

टपालथैलीचा मुद्दा माझ्या नावाला शोभणारा आहे, आभार.

धाग्यात आपला जुना संबंध कोणीच आणला नाही म्हणून. शस्त्रसंधीनंतर घरी जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचं काय करायचं यासाठी तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांचा ताबा भारतीय पहारा दलाकडे, आणि त्याचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाऊल ठेवू देणार नाही असं जाहीर केल्यामुळे सगळं दल इंचॉनला जहाजावरून थेट हेलिकॉप्टरने असैनिकी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. ज्याच्यासाठी मध्यस्थी करतोय त्याच्याच जमिनीवर चालता येत नाही, ही अडचण त्या काळचीही.

सुपारीचा_बाग

मदत संस्थांचं कसं चालतं? निर्बंधांत औषधं-धान्य वगळलंय ना? मग ओरड कशाची?

पाणकावळा

@सुपारीचा_बाग, धान्य-औषधांवर बंदी नाही, पण ती पोचवायला जे लागतं त्यावर आहे. सुरक्षा परिषदेचा डिसेंबर २०१७ चा ठराव २३९७ बघा. सीमाशुल्काच्या ७२ ते ८९ या प्रकरणांतला माल सरसकट बंद. ७२-७३ म्हणजे लोखंड-पोलाद, ८२ म्हणजे हत्यारं-सुऱ्या, ८४ यंत्रं, ८५ विजेची उपकरणं, ८७ वाहनं. मग क्षयरोगाचं औषध चालतं, पण ते थंड ठेवणारा फ्रीज ८४ मध्ये. विहीर खणणं चालतं, पण हातपंप ८४ मध्ये आणि पाइप ७३ मध्ये.

सूट मिळते, सुरक्षा परिषदेच्या १७१८ समितीकडून. अर्जात लागतं ते असं: मदत कोणाला आणि ते लोक कसे निवडले, सूट का हवी, प्रत्येक वस्तूची संख्या आणि तांत्रिक वर्णन, पाठवायच्या तारखा, मार्ग, कुठल्या बंदरातून कुठे, पैसे कसे देणार, व्यवहारातल्या सगळ्यांची नावं, माल दुसरीकडे वळू नये म्हणून काय करणार. अर्ज शक्यतो आपल्या सरकारमार्फत. समितीत १५ देश आणि निर्णय एकमताने, म्हणजे एकाने "थांबा" म्हटलं की थांबलं.

चुका कुठे होतात? एक, वर्णन ढोबळ. "पाण्याचे पंप, २०" लिहिलं की प्रश्न येणार. अश्वशक्ती, धातू, उत्पादक सगळं हवं, आणि नटबोल्ट-गॅस्केटसुद्धा यादीत हवेत. सुटे भाग राहिले तर पंप पोचतो आणि बसवता येत नाही. दोन, मुदत. २०१८ मध्ये सूट सहा महिन्यांची असायची, २०२० च्या अखेरीस ती नऊ महिने केली. चीनमध्ये खरेदी, दालियान किंवा दानदोंगला तपासणी, यात मुदत सहज संपते. तीन, समितीची सूट म्हणजे अमेरिकी परवाना नव्हे. अमेरिकी संस्थेला अर्थखात्याचा नियम वेगळा पाळावा लागतो आणि अन्न-औषध सोडून जवळपास प्रत्येक वस्तूला वाणिज्य खात्याचा निर्यात परवाना वेगळा. चार, बँक. कागद सगळे पुरे असले तरी बँक नाही म्हणते. बँको डेल्टा एशिया कोणी विसरलेलं नाही.

निर्बंधांचं पालन तपासणारं तज्ज्ञ मंडळ तर आता नाहीच. २८ मार्च २०२४ ला रशियाने मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला, ३० एप्रिलला ते संपलं. समिती आणि ठराव आहेत तसेच.

दशमान

ट्रम्प आणि किम यांची हनोईची बैठकही इथेच अडली, आकड्यांवर. फेब्रुवारी २०१९ मध्ये उत्तरेची मागणी, परराष्ट्रमंत्री री योंग हो यांच्या शब्दांत, सुरक्षा परिषदेच्या निर्बंधांच्या अकरापैकी पाच ठराव उठवा. ऐकायला निम्म्याहून कमी. पण ते पाच २०१६-१७ चे, कोळसा, लोखंड, कापड, मासळी, तेल सगळं त्यांतच. आधीचे ठराव मुख्यतः शस्त्रांचे आणि चैनीच्या वस्तूंचे. बदल्यात योंगब्योन, आणि योंगब्योन म्हणजे नेमक्या कुठल्या इमारती यावरही एकमत नव्हतं. त्या दोघांच्या आधीच्या, सिंगापूरच्या भेटीतल्या जून २०१८ च्या निवेदनात चार कलमं होती. मोजता येण्यासारखं त्यातलं एकच, सैनिकांचे अवशेष. ५५ पेट्या २७ जुलैला आल्या. बाकी तीन कलमांत आकडा नाही, तारीख नाही.

मीठभाकर

न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाकडच्या मंडळींसाठी व्यावहारिक, कारण चीन-दक्षिण कोरियाच्या सहलीला जोडून "तिकडेही जाऊन येऊ" असे बेत ऐकायला मिळतात.

अमेरिकी पासपोर्ट १ सप्टेंबर २०१७ पासून उत्तर कोरियासाठी वैध नाही. बंदी वेळोवेळी वाढवली गेली आहे. ओसीआय कार्ड असलं तरी पासपोर्ट अमेरिकीच, त्यामुळे नियम तोच. अपवाद पत्रकार, रेडक्रॉसचे अधिकृत प्रतिनिधी, ठोस मानवतावादी कारण आणि राष्ट्रहित यांना. त्यासाठी परराष्ट्र खात्याकडे कारण आणि कागद जोडून अर्ज, मग खास शिक्क्याचा वेगळा पासपोर्ट, सहसा एका फेरीपुरता. नातेवाइकांना भेटायचं किंवा हौस आहे, ही कारणं आपोआप बसत नाहीत.

ब्रिटिश, जर्मन वगैरे पासपोर्टवाले: १ मार्च २०११ नंतर कधीही उत्तर कोरियाला गेला असाल तर अमेरिकेला व्हिसाविना, नुसत्या ऑनलाइन मंजुरीवर जाता येत नाही. दूतावासात व्हिसासाठी मुलाखत द्यावी लागते. पानमुनजोमच्या निळ्या खोलीत दक्षिणेकडच्या सहलीबरोबर रेषेपलीकडे चार पावलं टाकणं यात धरत नाहीत.

भारतीय पासपोर्टवाल्यांना स्वीडनची गरज नाही, प्याँगयांगला आपली वकिलात आहे. अडचण आली तर तिथेच जायचं. मात्र अटक झाली तर भेटीची परवानगी आपल्या राजदूतालाही त्याच परराष्ट्र खात्याकडे मागावी लागणार.